आजोबा कुणी लिहिले?

बायकोचं कौतुक झालं म्हणून नवऱ्याच्या पोटात दुखावं का? दुखू नये, हे मलाही कळतं आणि तुम्हालाही कळतं. पण दुखतं, त्याला काय करणार? आणि हे दुखणं असलं मेलं की चारचौघांत सांगायची सोय नाही. दाढ दुखली तर माणूस गालावर हात ठेवून गावभर फिरतो. इथं मात्र हसतमुखानं "हो ना, छान झालाय तिचा गेम" असं म्हणत फिरावं लागतं.

तर आपला हा लिफ्टवाला तसा फिरत होता.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस कामाला चोख. अडकलेली लिफ्ट कुठल्या मजल्यावर का अडकली हे तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. मागं कधीतरी कंपनीनं जुनी यंत्रणा काढून नव्या लिफ्टांना संगणकाचे बोर्ड बसवले, तेव्हा सगळ्या मेकॅनिकना प्रोग्रामिंगच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. बाकीचे तिथून प्रमाणपत्र घेऊन आले, हा खूळ घेऊन आला. घरात फ्रिज आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या खोबणीत एक जुना संगणक आला आणि कामावरून आला की हा हात धुऊन तिथं बसायला लागला. गेम बनवायचे म्हणे!

पहिला गेम कशाचा असणार? लिफ्टचाच. आणि काय लिफ्ट होती हो ती! दोर झिजायचा, दाराला वंगण लागायचं, वजन जास्त झालं की घंटा वाजायची. लेक तेव्हा लहान होती. ती थोडा वेळ खेळली आणि तिनं विचारलं, "बाबा, ही माणसं वर कशाला चाललीत?"

"बटण दाबलंय म्हणून."

"पण वर त्यांचं काय आहे?"

"वर वरचा मजला आहे," लिफ्टवाला म्हणाला. पोरगी उठून बाहेर खेळायला गेली. याला वाटलं, ग्राफिक्स कमी पडलं.

मग त्यानं ठरवलं की एकेक गेम करत बसण्यात अर्थ नाही, गेम बनवायचं साधनच बनवावं. त्यावर मग कुठलाही गेम उभा करता येईल. या साधनाचं नाव त्यानं 'चौकट' ठेवलं आणि चौकटीत तो असा काही अडकला की विचारू नका. चौकटीत पाऊस पडायचा. पावसानं कपडे भिजायचे, भिजले की जड व्हायचे, जड झाले की माणूस हळू चालायचा. दारं तर इतक्या तऱ्हेची की सुताराला घेरी यावी. बायको अधूनमधून विचारायची, "अहो, गेम कधी?"

"आधी चौकट तर पक्की होऊ दे."

या हौशी प्रोग्रामरांना हा एक रोगच असतो. चूल बांधतात, पुन्हा मोडतात, आणखी चांगली बांधतात, आणि स्वयंपाकाचं नाव काढलं की अंगावर येतात.

अशा हौशी मंडळींचा एक गट होता. वर्षभर इंटरनेटवर गप्पा, वर्षातून एकदा छोट्या गेमची स्पर्धा आणि मग शाळेच्या हॉलमध्ये मेळावा. गट चालवायचे एक निवृत्त मास्तर. गटात लिफ्टवाल्याला सगळे 'नियमावली' म्हणायचे, कारण कुणी आपल्या गेमची गोष्ट सांगायला लागलं की हा मध्येच "ते राहू द्या, नियम काय आहेत?" असं विचारायचा. गोष्टीबद्दल त्याचं मत ठाम होतं. तो म्हणायचा, "लिफ्टमध्ये आरसा का लावतात? लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून. गोष्ट म्हणजे तो आरसा. लिफ्ट चालते ती मोटरवर."

म्हणायला हे ठीक होतं. पण बायको कादंबरी वाचायला बसली की तिला हाक मारलेली ऐकू यायची नाही. हा दोनदा हाक मारायचा, तिसऱ्यांदा मारायचा, आणि ती पान उलटायची. तेव्हा लिफ्टवाल्याला त्या कादंबरीवाल्याचा असा काही हेवा वाटायचा की बस्स. आपण बनवलेल्या एखाद्या गोष्टीत समोरचं माणूस एकदा तरी असं बुडावं, आणि ते माणूस शक्यतो बायको असावं, एवढीच त्याची इच्छा होती. तोंडानं मात्र मोटर, मोटर.

गेल्या वर्षी त्यानं मोठं मन करून चौकट सगळ्या गटाला फुकट वापरायला दिली. कुणी वापरली नाही. अगदी कुणी म्हणजे कुणी नाही. आभाराचे दोन-तीन संदेश आले आणि विषय संपला. लिफ्टवाला रोज कामावरून आला की कुणी काही विचारलंय का ते बघायचा आणि गप्प जेवायला बसायचा. बायकोला ते बघवेना. एका रविवारी ती म्हणाली, "मी करून बघू का तुमच्या चौकटीत काहीतरी?"

"तू?"

"का? मी काय घाण करणारे तिथं?"

बायको बसडेपोत कामाला. बसमध्ये राहिलेल्या वस्तू जिथं जमा होतात, त्या खिडकीवर ती बसते. छत्र्या, डबे, किल्ल्या, कवळ्या, एकुलता एक बूट. एकदा तर कुबड्या आल्या होत्या, आणि कुबड्या विसरलेला माणूस घरी कसा गेला हे तिला आजतागायत कळलेलं नाही. तिनं गेम केला तो त्या खिडकीचाच. एक खोली, एक खिडकी. लोक येतात आणि सांगतात, माझं अमुक हरवलंय. खिडकीमागं बसलेल्या खेळणाऱ्यानं चार प्रश्न विचारायचे आणि वस्तू द्यायची की नाही ते ठरवायचं. काहीजण खोटं बोलतात. काहीजण खरं बोलतात पण त्यांना आपल्याच वस्तूचा रंग धड सांगता येत नाही. बस, एवढंच.

लिफ्टवाला शेजारी बसून चरफडायचा. "अगं, पाऊस तरी घाल! एक ओळ लिहिलीस की पाऊस आपोआप पडतो!"

"माझ्या खिडकीतून पाऊस दिसत नाही हो."

"मग दारं?"

"एक आहे की."

एवढी वर्षं जिवाचा आटापिटा करून बांधलेल्या महालात ही बाई फक्त न्हाणीघर वापरणार! पण चला, कुणीतरी वापरतंय तर खरं. शेवटी सगळं जोडून गेमची एक फाईल करायचं काम त्यानं केलं. ते तिला येत नव्हतं. जोडताना त्यानं चौकटीची नवीकोरी आवृत्ती वापरली. तिच्यात पात्रांच्या आठवणी ठेवायची पद्धत त्यानं नुकतीच सुधारली होती. बायकोनं फाईल घेतली, एकदा खेळून बघितली, आणि स्पर्धेला पाठवली.

आणि मग जे सुरू झालं!

गटातल्या लोकांना वेड लागायचं तेवढं बाकी राहिलं. जो तो खिडकीवर बसलेला. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: आजोबा. गेममध्ये एक म्हातारा रोज यायचा आणि आपली छत्री मागायचा. दाखवाल त्या छत्रीला "ही नाही" म्हणायचा आणि जायचा. पण काही दिवसांनी तो छत्रीचा रंग विसरायचा. पुढं छत्रीच विसरायचा आणि कुणा पोरीची बाहुली मागायचा, मग कुणा दुसऱ्याच माणसाची कवळी. आणि अगदी शेवटी एक दिवस यायचा, खिडकीशी वाकायचा आणि खेळणाऱ्यालाच विचारायचा, "बोला, काय हरवलंय तुमचं?" बस्स, त्या एका वाक्यावर लोक पाघळले होते. कुणी लिहिलं, मी फोन बाजूला ठेवून वडिलांना भेटून आलो. कुणी लिहिलं, हा गेम नाहीच, याला काय म्हणायचं तेच कळत नाही.

लिफ्टवाला प्रत्येक संदेश वाचायचा. हा गेम कशात बनवलाय असं एकानं तरी विचारावं? एकानं? नाही. कादंबरी वाचून कुणी छापखान्याचं नाव विचारत नाही, हे त्याला समजत होतं, पण समजून तळपायाची आग काही थंड होत नव्हती.

घरी लेक आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, आजोबांनी मला रडवलं गं." कॉलेजात जाणारी पोरगी! बापाच्या लिफ्टमधून उठून खेळायला गेलेली हीच ना ती? कामावर तर कहर झाला. शाफ्टमध्ये दोराला लोंबकळत काम चाललेलं, आणि खाली उभा असलेला जोडीदार मोबाईल वर करून म्हणतो, "हे खेळलास का? कुणीतरी बाई आहे म्हणे. काय डोकं आहे बघ!"

"असेल कुणीतरी," लिफ्टवाला म्हणाला आणि त्यानं तो बोल्ट गरजेपेक्षा दोन आटे जास्त आवळला.

सगळ्यात वाईट म्हणजे बायको अचानक गोड वागायला लागली होती. एरवी चहा ओट्यावर ठेवून "गार होतोय" म्हणणारी बाई, आता कप हातात आणून द्यायची. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायची. "आज काय लिहिताय?" असं विचारायची आणि तो सांगायचा ते ऐकायची, अगदी कादंबरी मिटून. त्याच्याकडे अधूनमधून अशी बघायची की जणू नवीन काही दिसलंय. लिफ्टवाला मनात म्हणायचा, कीव करते आहे. जिंकली ना, आता हरलेल्याला गोंजारते आहे. आणि चहा तसाच गार करायचा.

शेवटी न राहवून तो तिचा गेम खेळायला बसला. खेळायला कसला, खोट काढायला. एवढ्या लोकांनी डोक्यावर घेतलेल्या गेममध्ये एक तरी भोक असणारच, आणि ते सापडल्याशिवाय उठायचं नाही, अशा बेतानं तो बसला. आजोबा आले, छत्री विसरले, बाहुली मागितली. लिफ्टवाल्याला जरा चमत्कारिक वाटलं. गोष्टीचा मजकूर त्यानंच फाईलमध्ये जोडला होता, आणि त्यात आजोबांच्या तोंडी बाहुली असल्याचं त्याला काही आठवेना. त्यानं बायकोनं लिहिलेला मजकूर उघडला. आजोबांच्या नावापुढं तिनं एवढंच लिहिलं होतं: रोज येतात, छत्री मागतात, 'ही नाही' म्हणतात, जातात.

मग बाहुली आली कुठून?

त्यानं चौकट उघडली आणि एका सुट्टीच्या दुपारी त्याला ते सापडलं. चौकटीतल्या प्रत्येक पात्राला आठवणींचा एक कप्पा. कप्पा भरला की त्यातली सगळ्यात जुनी आठवण टाकायची, असा साधा नियम. पण नव्या आवृत्तीत त्याची मोजणी एका घरानं चुकली होती. कप्पा भरला की पात्र आपली जुनी आठवण टाकून द्यायचं आणि शेजारच्या कप्प्यातली उचलायचं. तो रिकामा झाला की त्याच्या पुढच्यातली. बाकीची गिऱ्हाइकं खिडकीवर एकदोनदा येऊन जायची, त्यांचे कप्पे भरायचेच नाहीत. आजोबा रोज यायचे. म्हणून त्यांचाच भरायचा, आणि ते एकेक करून सगळ्यांच्या आठवणी पळवत शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचायचे. शेवटचा कप्पा खिडकीवर बसणारीचा, म्हणजे खेळणाऱ्याच्या पात्राचा होता. "बोला, काय हरवलंय तुमचं?" हे खिडकीवरून प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं तिचं वाक्य होतं.

म्हणजे आजोबा विसरत नव्हते, चौकट गंडली होती. अख्खा गट ज्यावर रडला ती लिफ्टवाल्याची चूक होती!

दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळावर हात मारला असता. आपला गडी खुर्चीतच हसला. कितीतरी दिवसांनी त्याला इतकं हलकं वाटलं. तिचं काही नाही त्यात! लोक ज्याला डोकं म्हणतात ते डोकं नाहीच, ती माझी चूक आहे, माझी! त्यानं चूक दुरुस्त केली नाही आणि बायकोला अवाक्षर सांगितलं नाही. मेळावा तोंडावर आला होता. बघू, म्हणाला, तिथं कोण कशाचं श्रेय घेतंय ते.

मेळाव्याला दोघं गेले. हॉल भरलेला, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे. बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि वाटेत दोनदा तिनं याच्या शर्टाची कॉलर सारखी केली होती. स्पर्धेत ती पहिली आली हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मास्तरांनी तिला वर बोलावलं, टाळ्या पडल्या, आणि मास्तर माइकमध्ये म्हणाले, "ताई, सगळ्यांच्या मनातला प्रश्न मी विचारतो. हे आजोबा तुम्हाला सुचले कसे?"

बायको हसली. तिनं माइक तोंडाशी नेला, "त्या आजोबांचं असं आहे..." म्हणाली, आणि थांबली. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या नवऱ्याकडे बघायला लागली.

अडकली, लिफ्टवाल्याच्या मनात आलं. सांगणार काय? तिनं लिहिलंच नाही तर सांगणार काय? आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं. तो उठला, वर गेला आणि त्यानं तिच्या हातातून माइक घेतला. बायको बाजूला सरकली. तिचा चेहरा तेव्हा चांगला फुललेला होता, हे त्यानं पाहिलं, पण कशानं फुललाय याचा विचार केला नाही.

"आजोबा कुणीच लिहिलेले नाहीत," तो म्हणाला. "ती चूक आहे. माझ्या चौकटीतली." आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं, कप्पे, मोजणी, शेजारच्या आठवणी, अगदी फळ्यावर चौकोन काढून. मागून कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. "म्हणजे आम्ही एका बिघाडासाठी रडलो?" एकजण ओरडला आणि सगळा हॉल हसण्यात बुडाला. मास्तरही हसले, पण चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "नियमावली, हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं हो."

लिफ्टवाल्यानं बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती रडतही नव्हती. फळ्यावरच्या चौकोनांकडे बघत उभी होती.

घरी जायला ते पायी निघाले. दुपारची वेळ, रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. हा मनात जुळवाजुळव करत होता. ती भांडली तर काय म्हणायचं, खरं बोलायला काय चोरी आहे का, वगैरे. पण ती भांडली नाही.

"मी तुमचं नाव घेणार होते," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"आजोबांबद्दल. मी तर फक्त येतात, जातात, एवढंच लिहिलं होतं. तुम्ही फाईल जोडून दिलीत, मी खेळायला बसले, तर आजोबा विसरायला लागलेले. मला वाटलं, तुम्ही लिहिलंत."

लिफ्टवाला चालायचा थांबला.

"शेवटच्या त्या वाक्याला तर मी रडले," बायको म्हणाली. "म्हटलं, बघा, इतकी वर्षं नियम नियम करणारा माणूस. आत किती काय होतं, आणि मला एका शब्दानं बोलला नाही."

"मग विचारायचं होतंस मला!"

"विचारलं असतं तर तुम्ही ते पुसून टाकलं असतंत. मला माहीत नाही का तुम्ही? म्हणून म्हटलं, चारचौघांतच नाव घेऊ, मग कुठं पळतील. मास्तरांनी विचारलं तेव्हा तुम्हाला वर बोलवायलाच बघत होते मी तुमच्याकडे."

लिफ्टवाला म्हणाला, "आणि मीच लिहिलंय असं मी वर येऊन सांगितलं असतं तर?"

"तर मी मरेपर्यंत खरं मानलं असतं," ती म्हणाली. "चला आता. पाय दुखायला लागले माझे."

ती पुढं निघाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, "गार होतोय" म्हणणारा, एरवीचा. लिफ्टवाला तिच्या मागं चालायला लागला. आजवर त्याला पुष्कळांचा हेवा वाटला होता, कादंबरीवाल्यांचा, गटातल्या सगळ्यांचा, बायकोचा तर विचारायलाच नको. पण त्या दुपारी त्याला ज्याचा हेवा वाटला तो माणूस वेगळाच होता. गेले काही महिने बायको ज्याच्या हातात चहाचा कप आणून द्यायची, ज्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची, ज्याच्यासाठी कादंबरी मिटायची, तो, आजोबा लिहिणारा नवरा. तो इतके दिवस याच्याच घरात, याच्याच खुर्चीत बसला होता, आणि याला पत्ता नव्हता. आता तो घरी असणार नव्हता. त्याला यानंच माइक हातात घेऊन, फळ्यावर चौकोन काढून, सगळ्यांसमोर घालवून दिलं होतं.